लिहायचे, पण उच्चारायचे नाही असे नाव

सोनगीर हे मुंबई-आग्रा महामार्गावरचे गाव. धुळ्याहून उत्तरेला निघाले की किल्ल्याची टेकडी दिसते, पुढे शिरपूर येते आणि पळासनेर ओलांडले की मध्य प्रदेश लागतो. दुसरीकडे धुळ्याहूनच साक्री-नवापूरमार्गे गाड्या सुरतेला जातात. घरात अहिराणी, शाळेत मराठी, बाजारात हिंदी आणि जोडीला गुजराती, असा हा तीन राज्यांच्या सांध्यावरचा मुलूख. इथे तीन भाषांतले बायबल शेजारी शेजारी ठेवून पाहिले, तर एक फरक पहिल्याच पानांत डोळ्यांत भरतो. प्रचलित हिंदी आणि गुजराती बायबलात जिथे 'यहोवा' छापलेले असते, तिथे प्रचलित मराठी बायबलात 'परमेश्वर' असते. मूळ हिब्रू शब्द मात्र दोन्हीकडे एकच आहे. आणि ज्यांचा तो मूळ ग्रंथ, ते यहुदी लोक त्या जागी यहोवाही म्हणत नाहीत आणि परमेश्वरही म्हणत नाहीत. डोळ्यांसमोर एक शब्द असतो आणि तोंडाने ते दुसराच शब्द म्हणतात: 'अदोनाय'.

असे वाचणाऱ्यांत मराठी बोलणारेही आहेत. रायगड जिल्ह्यातल्या बेने इस्रायल या यहुदी समाजाने शतकानुशतके मराठीत संसार केला आणि हिब्रूत प्रार्थना केली. म्हणून या नावाची गोष्ट आपल्याला वाटते तितकी परकी नाही.

ते नाव चार अक्षरांचे आहे. हिब्रू उजवीकडून डावीकडे लिहितात. त्या क्रमाने ही अक्षरे म्हणजे योद, हे, वाव, हे. आपल्या लिपीत मांडायची तर य-ह-व-ह. यहुद्यांच्या पवित्र ग्रंथात, म्हणजे ख्रिस्ती ज्याला जुना करार म्हणतात त्यात, हे नाव सुमारे ६,८०० वेळा येते. इतक्या वेळा लिहिलेल्या शब्दाचा उच्चार जगात कोणालाही खात्रीने माहीत नाही. हे कसे घडले, ते पाहायला आधी हिब्रू लिपीकडे वळावे लागते.

हिब्रू लिपी मुळात व्यंजनांची. काना, मात्रा, वेलांटी, उकार यांना तिच्यात स्वतंत्र जागा नव्हती. आपण समजा नुसते 'क' आणि 'ळ' लिहून थांबलो, तर वाचणाऱ्याने ते कळ वाचायचे, काळ वाचायचे, केळ वाचायचे की कोळी? वाक्याच्या संदर्भावरून त्याला कळते, कारण भाषा त्याच्या तोंडात असते. जोवर हिब्रू ही रोजची बोली होती, तोवर या लिपीने कोणाचे अडले नाही. पुढे काही व्यंजने शब्दाच्या शेवटी किंवा मध्ये दीर्घ स्वर दाखवायला वापरली जाऊ लागली. शेवटचा 'हे' असा पुष्कळदा स्वरासाठीच येतो; त्याचा ह उच्चारायचा नसतो. या चार अक्षरांतला शेवटचा ह तसाच असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे प्रश्न उरतो तो य, ह आणि व या तिघांना कोणते स्वर होते, हा.

एके काळी हा प्रश्नच नव्हता. नाव सर्रास घेतले जात होते, आणि याचा पुरावा जमिनीतून निघालेला आहे. मृत समुद्राच्या पूर्वेला धिबान येथे १८६८ साली मवाबचा राजा मेशा याचा काळ्या दगडावरचा लेख सापडला. तो इसवी सनापूर्वी ८४० च्या सुमाराचा असून आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. इस्रायलच्या या शत्रूने नबो नावाचे गाव जिंकल्याची आणि तिथून य-ह-व-ह या देवाच्या वस्तू आपल्या देवापुढे ओढून आणल्याची बढाई त्यात मारली आहे. शत्रूलाही नाव ठाऊक होते आणि ते कोरायला त्याच्या पाथरवटाला कसली भीती वाटली नाही. यरुशलेमजवळच्या केतेफ हिन्नोम येथील थडग्यांत १९७९ मध्ये गॅब्रिएल बारके यांच्या उत्खननात चांदीच्या पत्र्याच्या दोन बारीक गुंडाळ्या मिळाल्या. त्या उलगडल्यावर आत पुरोहितांच्या आशीर्वादाचे शब्द निघाले आणि त्यांत हे नाव होते. गळ्यात घालायच्या ताइतासारख्या या वस्तू इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या अखेरीच्या किंवा सहाव्याच्या आरंभीच्या आहेत.

मला सर्वांत बोलकी वाटतात ती लाखीशची पत्रे. यरुशलेम बाबेलच्या सैन्यापुढे पडायच्या थोडे आधी, इसवी सनापूर्वी ५८८ च्या सुमारास, एका चौकीवरचा माणूस आपल्या वरिष्ठाला खापरांच्या तुकड्यांवर शाईने पत्रे लिहीत होता. १९३५ च्या उत्खननात ती सापडली. सुरुवातीचा मायना असा, की य-ह-व-ह माझ्या स्वामींना चांगली वार्ता ऐकवो. आपण कागदाच्या माथ्यावर श्री लिहितो, तितक्या सहजपणे तो शिपाई हे नाव लिहितो. घाईची, युद्धाच्या धामधुमीतली पत्रे आहेत ती. लोकांच्या तोंडी हे नाव होते, याला याहून चांगला साक्षीदार कोणता हवा?

मग ते तोंडातून गेले कधी? एका दिवसात नाही, आणि कोणाच्या एका हुकमानेही नाही. दहा आज्ञांतली एक आज्ञा देवाचे नाव व्यर्थ घेऊ नये, असे सांगते. यरुशलेम पडल्यानंतरच्या बाबेलच्या बंदिवासातून लोक परत आले; त्यानंतरच्या शतकांत या आज्ञेभोवती कुंपण वाढत गेले. व्यर्थ घेऊ नये, म्हणून जपून घ्यावे. जपून घ्यावे, म्हणून फक्त यरुशलेमच्या मंदिरात घ्यावे. मंदिरातही फक्त पुरोहिताने घ्यावे. इसवी सन २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या ग्रंथात ही अवस्था नोंदलेली आहे. आशीर्वाद देताना पुरोहिताने मंदिरात नाव जसे लिहिले तसे म्हणावे, बाहेरगावी मात्र पर्यायी शब्द वापरावा, असा नियम त्यात आहे. योम किप्पूर या प्रायश्चित्ताच्या दिवशी महायाजक, म्हणजे मुख्य पुरोहित, पापांची कबुली देताना नाव उच्चारी आणि अंगणात उभे असलेले लोक ते कानावर पडताच जमिनीवर लोटांगण घालीत.

तालमूद ग्रंथात तार्फोन नावाच्या एका आचार्यांची आठवण आहे. ते स्वतः पुरोहित कुळातले. मामाच्या मागोमाग ते मंदिराच्या चौथऱ्यावर चढले, महायाजक नाव घेणार म्हणून कान टवकारून उभे राहिले, आणि त्यांना ऐकू आले ते एवढेच, की महायाजकाने ते नाव बाकीच्या पुरोहितांच्या गायनात मिसळून टाकले. तिथेच असेही सांगितले आहे, की जाणते आचार्य सात वर्षांतून एकदा, फार तर दोनदा, हा उच्चार आपल्या शिष्यांच्या कानी घालीत. इसवी सन ७० मध्ये रोमन सैन्याने मंदिर पाडले. जिथे नाव घ्यायला परवानगी होती, ती जागाच उरली नाही. कानगोष्टीने चालत आलेला उच्चार पुढच्या काही पिढ्यांत विरून गेला.

हे आपल्याला अनाकलनीय वाटू नये. खानदेशातल्या जुन्या बाया नवऱ्याचे नाव घेत नसत. 'आमचे मालक' किंवा 'पोऱ्याचा बाप' म्हणून भागवत, आणि लग्नकार्यात आग्रह झालाच तर उखाण्यात गुंफून एकदाच घेत. सातबाऱ्यावर नाव लिहिलेले असे, रेशनकार्डावर असे, गावाला ते पाठ असे. तिच्या तोंडून मात्र मालकच. अदोनाय या शब्दाचा अर्थही 'माझे स्वामी', 'माझे मालक' असाच आहे. साम्य इथवरच. नवऱ्याचे नाव घेणारे बाकीचे लोक गावात असतात. इथे सगळ्या समाजानेच ते घेणे सोडले, म्हणून ते हरवले.

अक्षरे मात्र एकही हलली नाहीत. पोथी लिहिणारा सोफेर, म्हणजे यहुदी लेखनिक, या नावाशी आला की मन एकाग्र करून ते लिहितो. एकदा लिहिलेले नाव खोडता येत नाही. ज्या जुन्या कागदावर ते आहे तो कागद फेकत नाहीत, जाळत नाहीत. साठवून ठेवतात आणि पुढे दफनभूमीत पुरतात. मृत समुद्राच्या काठी कुमरान येथील गुहांत १९४७ पासून ज्या गुंडाळ्या सापडल्या, त्यांतल्या काहींत बाकी मजकूर नव्या चौकोनी वळणाच्या लिपीत आणि हे एकच नाव पुरातन हिब्रू लिपीत लिहिलेले आहे. काही ठिकाणी तर अक्षरांच्या जागी नुसते चार ठिपके आहेत. ग्रीक भाषांतरांच्या काही जुन्या प्रतींतही ग्रीक ओळींच्या मध्ये हिब्रू अक्षरांतले नाव तसेच ठेवलेले दिसते. हिब्रू न येणाऱ्या ग्रीक वाचकांना ती चार अक्षरे आपल्या पाय आणि आयोटा या अक्षरांसारखी दिसत, आणि ते डावीकडून उजवीकडे 'पिपि' असे वाचत. संत जेरोम यांनी चौथ्या शतकाच्या अखेरीस ही गोष्ट एका पत्रात नोंदवली आहे.

आता 'यहोवा' या उच्चाराकडे येऊ, कारण आपल्या शेजारच्या दोन भाषांत तोच रूढ आहे.

इसवी सनाच्या साधारण सहाव्या ते दहाव्या शतकांत गालील सरोवराच्या काठच्या तिबेर्या शहरात मासोरेती म्हटल्या जाणाऱ्या पंडितांनी एक अफाट काम केले. हिब्रू ही तोवर रोजची बोली राहिलेली नव्हती. वाचन चुकू नये, म्हणून त्यांनी व्यंजनांच्या वर, खाली आणि पोटात ठिपके-रेघा घालून स्वर दाखवण्याची पद्धत पक्की केली. मूळ अक्षराला मात्र त्यांनी हात लावला नाही. जिथे लिहिलेले एक आणि वाचायचे दुसरे असे होते, तिथे त्यांनी अक्षरे मूळचीच ठेवली आणि खुणा घातल्या त्या वाचायच्या शब्दाच्या. य-ह-व-ह या चार व्यंजनांना त्यांनी 'अदोनाय' या शब्दाचे स्वर लावले. वाचणाऱ्याला इशारा एवढाच, की इथे अदोनाय म्हण. पहिल्या स्वरात व्याकरणाच्या नियमाने किंचित बदल होतो. पुष्कळ हस्तलिखितांत मधला ओकाराचा ठिपका गाळलेलाही आहे. यहुदी वाचकाला याचा कधी घोटाळा झाला नाही, कारण लहानपणापासून त्याला हे माहीत असे.

परंपरेबाहेरच्या विद्वानांनी पोथी हाती घेतली, तेव्हा त्यांनी व्यंजने आणि खुणा एकत्र वाचल्या. त्यातून निघाले 'येहोवा'. तेराव्या शतकातल्या लॅटिन लिखाणात या धाटणीचे रूप दिसते. १५३० मध्ये विल्यम टिंडल यांच्या इंग्रजी भाषांतरात ते आले, १६११ च्या राजा जेम्स यांच्या आवृत्तीत मोजक्या ठिकाणी राहिले, आणि युरोपीय मिशनऱ्यांच्या बरोबर ते आपल्याकडच्या भाषांतरांत उतरले. येहोवाचे यहोवा झाले.

हे स्वर उसने आहेत, याचा पुरावा त्याच पोथ्यांत आहे. काही ठिकाणी मूळ मजकुरातच 'अदोनाय' हा शब्द आणि त्याला लागून हे चार अक्षरी नाव येते. तिथे अदोनाय अदोनाय असे दोनदा वाचावे लागू नये, म्हणून नाव 'एलोहीम', म्हणजे देव, असे वाचतात. आणि पंडितांनी तिथे खुणा घातल्या आहेत त्या एलोहीमच्या. यहोवा वाचणाऱ्याच्या रीतीने तो शब्द वाचला, तर 'यहोवी' होईल! एकाच चार अक्षरी नावाचे असे दोन वेगळे उच्चार असणे शक्य नाही. खुणा पर्यायी शब्दाच्याच आहेत, हे त्याने सिद्ध होते.

मग खरा उच्चार काय असावा? इथे अभ्यासक तीन वाटांनी जातात. पहिली वाट माणसांच्या नावांची. देवाचे नाव उच्चारायचे थांबले, तरी त्याचे तुकडे माणसांच्या नावांत जिवंत राहिले. येशयाहू, यिर्मेयाहू, एलियाहू यांच्या शेवटी 'याहू' आहे. मराठी बायबलात ती यशया, यिर्मया, एलीया अशी झाली. येहोशुआ, येहोनातान यांच्या आरंभी 'येहो' आहे. योहान आणि मत्तय या नावांतही ते दडलेले आहे. येशू हे नावच येहोशुआचे उत्तरकालीन रूप. हालेलूयामधला 'या' म्हणजे त्याच नावाचे आखूड रूप 'याह'. यांतल्या याहू आणि याह या रूपांवरून पहिले अक्षर 'या' असे उच्चारले जात असावे, असा तर्क निघतो.

दुसरी वाट ग्रीक साक्षींची. इसवी सन २०० च्या आसपास अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंट यांनी हे नाव ग्रीकात याउए किंवा याउआय अशा धर्तीवर लिहिले. पाचव्या शतकातले थिओडोरेट सांगतात, की शोमरोनी लोक ते 'याबे' असे म्हणतात. ग्रीक लिपीत शब्दाच्या मधला ह लिहायला सोय नाही आणि व साठी वेगळे अक्षर नाही. ही अडचण लक्षात घेतली, की याउए आणि याबे या दोन्हींच्या मागे एकच उच्चार दिसू लागतो. तिसरी वाट व्याकरणाची; तिच्याकडे अर्थाच्या ओघात येतोच. तिन्ही वाटा मिळतात तिथे 'याहवे' हा उच्चार उभा आहे. जर्मन हिब्रू पंडित विल्हेल्म गेसेनियस यांच्यापासून, म्हणजे एकोणिसाव्या शतकापासून, विद्वानांत तो रूढ झाला. देवनागरीत 'यहवे' असेही लिहितात, पण आपला अ आखूड पडतो. याहवे अधिक जवळचा. व च्या बाबतीत मात्र मराठी नशीबवान आहे. हिब्रू वाव प्राचीन काळी ओठ गोल करून म्हणत आणि आज दात ओठाला लावून म्हणतात. आपला व या दोघांच्या मधोमध बसतो.

याहवे हा सर्वांत संभवनीय उच्चार आहे, सिद्ध झालेला नाही. नाईल नदीतल्या एलिफंटाइन बेटावर इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात यहुदी शिपायांची वसाहत होती. तिथल्या कागदांत नाव तीनच अक्षरांत, य-ह-व, असे लिहिले आहे; तो उच्चार 'याहू' किंवा 'याहो' असावा. कुमरानच्या एका ग्रीक प्रतीत 'याओ' असे रूप आहे. म्हणजे एकाच काळी लांब आणि आखूड अशी एकाहून जास्त रूपे चालत असतील. ज्यांना एकच उच्चार छातीठोकपणे सांगायचा असतो, त्यांनी या कागदांना उत्तर द्यायला हवे.

अर्थाची गोष्ट उच्चाराइतकी अंधारात नाही, आणि माझ्या मते ती उच्चारापेक्षा मोलाची आहे. निर्गम या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात मोशे जळत्या झुडपापुढे उभा आहे. मिसरात गुलाम असलेल्या आपल्या लोकांकडे देव त्याला पाठवतो आहे. मोशे विचारतो, तुझे नाव काय म्हणून सांगू? उत्तरात 'एह्ये' हे क्रियापद दोनदा येते आणि मध्ये 'अशेर', म्हणजे 'जो', 'जे' किंवा 'जसा'. एह्ये हे हिब्रूतल्या 'हाया' या धातूचे प्रथमपुरुषी रूप आहे. हाया म्हणजे असणे, आणि होणेही. मराठीत आपण ही दोन क्रियापदे वेगळी ठेवतो. हिब्रूत एकच शब्द दोन्ही कामे करतो. शिवाय हे रूप आपल्या भविष्यकाळासारखे असले, तरी चालू राहणारी क्रियाही दाखवते. म्हणून 'मी आहे', 'मी असेन', 'मी होईन' हे तिन्ही अर्थ त्यात बसतात. बोलणारा देव स्वतः असेल तर 'मी असेन'; लोक त्याच्याविषयी बोलतील तर 'तो असेल'. त्या दुसऱ्या रूपाच्या आरंभी हिब्रूत य येतो, आणि 'हावा' हे त्या धातूचे जुने वळण धरले तर य-ह-व-ह ही चार अक्षरे समोर येतात.

विल्यम ऑलब्राइट आणि फ्रँक मूर क्रॉस या अमेरिकी विद्वानांनी हे प्रयोजक रूप मानले: तो घडवतो, अस्तित्वात आणतो. व्याकरणाने हे बसते आणि याहवे या उच्चारालाही पोषक आहे. काहींनी वारा किंवा वादळाशी संबंध असलेला अरबी धातू पुढे केला. ते मत सर्वमान्य झाले नाही. अलेक्झांड्रियातल्या ग्रीक भाषांतरकारांनी इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात 'जो आहे तो' असा अर्थ केला. तिथून तत्त्वज्ञानाची मोठी वाट फुटली. उपनिषदे वाचलेल्या मराठी वाचकालाही लगेच 'सत्' आठवेल आणि दोन्ही एकच, असे म्हणावेसे वाटेल. मला ती घाई पटत नाही. कथेत दोनच ओळी आधी मोशे कचरतो तेव्हा देव तेच एह्ये वापरून त्याला सांगतो, की मी तुझ्याबरोबर असेन. अकराव्या शतकात फ्रान्समधल्या त्रुवा गावी राहणारे टीकाकार राशी याच धाग्याने जातात: या संकटात मी त्यांच्याबरोबर असेन, पुढच्या संकटांतही असेन. विटा पाडणाऱ्या गुलामांना त्या क्षणी अस्तित्वाची मीमांसा नको होती. आपल्यामागे कोणी आहे का, हे हवे होते. नावाचा अर्थ त्या गरजेला दिलेला शब्द आहे, असेच मी मानतो.

हा शब्द मराठी मुलखात जपला तो बेने इस्रायलांनी. त्यांच्या परंपरेप्रमाणे अलिबागजवळ नवगाव येथे जहाज फुटले आणि वाचलेल्या सात जोडप्यांपासून हा समाज वाढला. तेलाचे घाणे चालवणारे हे लोक शनिवारी काम बंद ठेवीत, म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणत. राजपूरकर, केहिमकर, दिवेकर, पेणकर अशी गावांवरून आडनावे त्यांनी घेतली. पोथ्या नव्हत्या, हिब्रू विसरली होती. पण शमा ही प्रार्थना तोंडी राहिली होती, अशी त्यांची आठवण आहे. शमाच्या पहिल्या वाक्यात सहाच शब्द आहेत आणि त्यांत हे चार अक्षरी नाव दोनदा येते. दोन्ही वेळा म्हणायचे अदोनाय. जगातल्या इतर यहुद्यांकडे अक्षरे होती आणि उच्चार गेला होता; कोकणातल्या या माणसांकडे अक्षरेही नव्हती, फक्त त्या नावाच्या जागी म्हणायचा शब्द होता, आणि तो त्यांनी सोडला नाही. पुढे दावीद राहाबी या शिक्षकाने त्यांना ओळखले आणि धर्माचे शिक्षण पुन्हा सुरू केले, असे परंपरा सांगते. १७९६ मध्ये सामाजी हसाजी दिवेकर यांनी मुंबईत पहिले सिनेगॉग बांधले. मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये या समाजासाठी हिब्रूचे व्याकरण मराठीतून छापले. नंतर जोसेफ एझिकेल राजपूरकर यांनी प्रार्थनांची पुस्तके मराठीत आणली.

या समाजाच्या मलिदा विधीत पोहे, गूळ, खोबरे आणि फळे यांचे ताट मांडून एलियाहू हनबी, म्हणजे संदेष्टा एलिया, याचे गीत गातात. अलिबाग तालुक्यातल्या खंडाळा येथील खडकावर एलियाच्या रथाच्या खुणा उमटल्या, अशी श्रद्धा आहे. एलियाहू या नावाचा अर्थ 'माझा देव याह आहे'. जे नाव ते सरळ उच्चारत नाहीत, त्याचा तुकडा या गीतात पुन्हा पुन्हा येतो. १९४८ नंतर समाजातले बहुतेक लोक इस्रायलला गेले. तिथेही त्यांचे मराठी सुटले नाही. 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक त्यांनी तिथून चालवले.

मराठी ख्रिस्ती भाषांतरकारांपुढे हा प्रश्न वेगळ्या रूपाने उभा राहिला. पंडिता रमाबाई बायबल मुळातून भाषांतरित करण्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. साध्या माणसाला समजेल असे मराठी त्यांना हवे होते. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हे काम चालले. रमाबाई १९२२ मध्ये गेल्या आणि संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये निघाला. प्रचलित मराठी बायबलात 'परमेश्वर' हा शब्द स्थिर झाला आहे. तो नाव नाही, पदवी आहे. म्हणजे नकळत तो अदोनायच्या जुन्या रिवाजाच्या जवळ जातो. कॅथलिक चर्चनेही २९ जून २००८ च्या पत्राने उपासनेत 'याहवे' हा उच्चार वापरू नये, असे कळवले.

तर मग शिरपूरपलीकडच्या हिंदी भजनातला यहोवा चुकीचा ठरवायचा का? उच्चारशास्त्राच्या दृष्टीने तो दोन शब्दांची सरमिसळ आहे, हे सांगायलाच हवे. पण पिढ्यान्‌पिढ्या माणसांनी त्या शब्दाने प्रार्थना केली आहे. गाणाऱ्याला मध्येच अडवून व्याकरण शिकवू नये. अभ्यासाच्या लेखात, इतिहासाच्या वर्गात 'याहवे' लिहा, आणि तो अंदाज आहे हेही लिहा. वर्तमानपत्रांत आणि पाठ्यपुस्तकांत 'ज्यूंचा देव यहोवा' असे बेधडक छापले जाते, ते मात्र थांबायला हवे. ज्यू स्वतः हा शब्द वापरत नाहीत. आणि अलिबागच्या इस्रायल आळीत किंवा पुण्याच्या लाल देवळात, म्हणजे १८६७ पासून उभ्या असलेल्या ओहेल दावीद सिनेगॉगमध्ये, कधी गेलात, तर ज्ञान दाखवायला म्हणून याहवे हा शब्द मोठ्याने उच्चारू नका. तिथे प्रार्थनेत अदोनाय म्हणतात, आणि बोलताना 'हाशेम', म्हणजे 'ते नाव', म्हणतात. तुम्हीही हाशेम म्हणा.